एकबुर्जी जलाशय

महाराष्ट्र राज्याच्या वाशीम जिल्ह्यातील एक मानवनिर्मित जलाशय व मध्यम पाटबंधारे प्रकल्प. वाशीम शहराजवळ चंद्रभागा या लहान नदीवर मातीचे धरण बांधून तो निर्माण करण्यात आला (१९६४). ही चंद्रभागा पंढरपूरच्या चंद्रभागेहून अर्थातच वेगळी असून तिचे पाणी पैनगंगेच्या खोऱ्यात जाते. धरणाची उंची सु. २४ मी. व लांबी सु. १ किमी. आहे. जलाशयाची एकूण साठवणक्षमता सु. १४ दशलक्ष घमी. असून तींपैकी सु. १२ दशलक्ष घमी. पाणी उपयोगात आणता येते. राज्यातील मोठ्या जलाशयांच्या तुलनेने हा साठा अगदी थोडा आहे. कोयनेच्या शिवाजीसागराच्या तो दोनशेवा हिस्साही नाही. तथापि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या शहराचा पाणीपुरवठा आणि धरणाखालील शेतीचे सिंचन ही दोन्ही कामे त्याच्यावर सोपविलेली असल्यामुळे त्याचे स्थानिक महत्त्व त्याच्या आकारमानाहून पुष्कळच अधिक आहे. मुख्यतः शेतीसाठी उभारलेला जलाशय कालांतराने शहराचा आधार कसा बनतो, आणि त्यातून पाण्याच्या वाटपाचा प्रश्न कसा उद्‌भवतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

भूमिस्वरूप व पाणी : वाशीम शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेल्या पठारी भागावर, समुद्रसपाटीपासून ५०० मी.हून अधिक उंचीवर वसले आहे. वऱ्हाडच्या जुन्या विभागणीत या उंच भागास बालाघाट व त्याच्या उत्तरेकडील पूर्णेच्या सपाट खोऱ्यास पाईनघाट म्हणत. हा भाग म्हणजे एक जलविभाजकच होय. काटा या गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेस व पर्यायाने तापीस मिळते. तर पूस, अडाण, अरुणावती या नद्या पूर्वेस व आग्नेयीस वाहत जाऊन पैनगंगेच्या म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात शिरतात. एकाच शिवारातील पावसाचे काही पाणी अरबी समुद्राकडे आणि काही बंगालच्या उपसागराकडे जाते, असे येथे घडते. नद्यांच्या उगमाचा हा प्रदेश खुद्द पाण्याच्या बाबतीत मात्र उपेक्षितच राहिला. नदी उगमाजवळ लहान असते, तिचे पाणलोट क्षेत्र अपुरे असते आणि पावसाळा संपताच तिची धार आटू लागते. अकोला शहराला पाणी पुरविणारा महान येथील मोठा जलाशय याच काटेपूर्णेवर आहे. परंतु तो पठाराखाली, नदीने पुरेसे पाणी गोळा केल्यानंतरच्या ठिकाणी बांधणे शक्य झाले. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा ही त्यातल्या त्यात मोठी नदी, पण ती वाशीम शहरापासून दूर व त्याहून खालच्या पातळीवर आहे.

पाऊस सरासरीने ८० ते ९५ सेंमी. पडतो. हे प्रमाण कमी म्हणता येत नाही. मराठवाड्याच्या व पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत याहून कितीतरी कमी पाऊस होतो. अडचण आहे ती पाऊस पडण्याच्या रीतीची आणि खालच्या खडकाची. जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही थोड्याच दिवसांत पडतो. जमिनीखाली दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट खडक आहे. तो मुळात पाणी साठविणारा नव्हे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात, मुरुमात व भेगांत जेवढे पाणी मुरेल तेवढेच विहिरींना मिळते. गाळाच्या प्रदेशात एखादे वर्ष कोरडे गेले, तरी आधीच्या वर्षांचे भूजल कामास येते. येथे विहिरीला गेल्या पावसाळ्याचेच काय ते पाणी असते. म्हणून पावसाचे पाणी जागच्या जागी अडवून ठेवणे ही गरज या भागात फार जुनी आहे.

जुने तलाव : वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म होय. वाकाटक घराण्याच्या सर्वसेनापासून सुरू झालेल्या शाखेची ही राजधानी होती. याच शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीम येथे सापडला असून अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांशी संबंधित असलेला हरिषेण हा राजाही याच शाखेचा. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वात्सगुल्मक लोकांचा उल्लेख येतो. एवढ्या जुन्या राजधानीला मोठ्या नदीचा काठ नसावा, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नगराच्या माहात्म्यपर परंपरेत येथील तीर्थांना जे स्थान मिळाले, त्यामागे श्रद्धेबरोबर हेही एक कारण असावे. जेथे नदी नाही, तेथे झरा, कुंड आणि तलाव यांनाच पावित्र्य प्राप्त होते.

या तीर्थांपैकी पद्मतीर्थ हे सर्वांत प्रसिद्ध आहे. वासुकी नावाचा एक राजा कुष्ठरोगाने पीडित होता. गावाबाहेरच्या एका डबक्यात स्नान केल्यामुळे तो बरा झाला आणि त्याने ते डबके खोदून मोठा तलाव केला, अशी त्याच्या उत्पत्तीची कथा सांगतात. अशीच कथा याच जिल्ह्यातील कारंजा येथील ऋषी तलावाविषयीही प्रचलित आहे. कारंज ऋषी व्याधिग्रस्त असता त्यांनी अंबादेवीचा धावा केला व देवीने त्यांच्यासाठी मंदिरासमोर तलाव निर्माण केला, असे ती कथा सांगते. दोन्ही कथांतील चमत्काराचा भाग सोडला, तरी त्यांत एक सूक्ष्म भेद उरतो. कारंज्याचा तलाव देवीने दिला, तर वाशीमचा तलाव राजाने खोदविला. मूळचा लहान पाणसाठा माणसाने वाढविला, ही आठवण वाशीमच्या कथेने जपून ठेवली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेले भवानी काळू यांनी वाशीम येथे बालाजीचे मंदिर उभारले व त्याबरोबर तलावही बांधविला. हा देव तलाव होय. मंदिर, तलाव आणि त्यांभोवतीची वस्ती एकाच योजनेत उभी करण्याची ही पद्धत मराठेशाहीत सर्वत्र आढळते.

हे तलाव आकाराने लहान होते. त्यांचे उपयोग म्हणजे स्नान, देवकार्य, धुणे व जनावरांना पाणी पाजणे. पिण्याचे पाणी घरोघरच्या व सार्वजनिक विहिरींतून शेंदले जाई. मात्र तलावात साठलेले पाणी हळूहळू झिरपून आसपासच्या विहिरींची पातळी टिकवून धरीत असे, हा त्यांचा न दिसणारा उपयोग सर्वांत मोलाचा होता. शेतीला मात्र या तलावांचे पाणी मिळत नसे. पूर्व विदर्भातील भंडारा-चंद्रपूर भागात भातशेतीसाठी बांधलेल्या मालगुजारी तलावांसारखी परंपरा वऱ्हाडात रुजली नाही. भाताला उभे पाणी लागते; वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील ज्वारी व कापूस ही पिके जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर निघतात. त्यामुळे तलाव खणण्याची निकड येथील शेतकऱ्याला फारशी वाटली नाही.

धरणाची पूर्वपीठिका : १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेल्या भावामुळे हा प्रांत कापसाचा प्रांत म्हणून ओळखला जाऊ लागला. काळ्या जमिनीला पाटाचे पाणी मानवत नाही, ती चिबड होते, आणि कोरडवाहू कापसातून सारा नियमित येत असता कालव्यांवर खर्च करणे फायद्याचे नाही, असा सरकारी विचार दीर्घकाळ प्रभावी होता. पहिल्या भागात तथ्य होते; पण एखादे वर्ष पाऊसच आला नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. १८९६–९७ आणि विशेषतः १८९९–१९०० च्या दुष्काळाने ते उघड केले. त्यानंतरही वऱ्हाडातील सिंचन प्रामुख्याने विहिरींपुरते व बागायतीच्या लहान तुकड्यांपुरते राहिले. प्रशासनाच्या दृष्टीनेही वाशीमचे महत्त्व या काळात घटले. पूर्वीचा वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून त्याचा बराचसा भाग अकोला जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला.

चित्र बदलले ते स्वातंत्र्योत्तर काळात. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. त्याच वर्षी राज्य शासनाने स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग नेमला व त्याने १९६२ मध्ये अहवाल सादर केला. राज्यातील नद्यांचे पाणी व सिंचनयोग्य जमीन यांचा एकत्रित हिशेब या निमित्ताने प्रथमच मांडला गेला. मोठ्या नद्यांवरील मोठ्या धरणांबरोबर उपनद्यांवर मध्यम व लघू प्रकल्प घेण्याचे धोरण या काळात आकारास आले. दोन हजार ते दहा हजार हेक्टर लाभक्षेत्राच्या प्रकल्पास मध्यम प्रकल्प असे म्हणतात. एकबुर्जी हा वाशीम परिसरातील अशा प्रकल्पांपैकी आरंभीचा होय. पुढे कारंजा तालुक्यात अडाण नदीवर याहून बराच मोठा (उपयुक्त साठा सु. ६७ दशलक्ष घमी.) आणि नंतर सोनल हा (सु. १७ दशलक्ष घमी.) असे आणखी दोन मध्यम प्रकल्प जिल्ह्यात झाले. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून सर्वत्र पाझर तलाव खोदले गेले. त्यांचा हेतू पाणी कालव्याने देण्याचा नसून ते जमिनीत मुरविण्याचा होता. एका अर्थाने जुन्या देव तलावाचेच ते काम, पण गावाऐवजी शेतासाठी.

रचना व कार्य : एकबुर्जीचे धरण मातीचे आहे. काळी माती व मुरूम जवळपास मुबलक, खडक थोडा खोल आणि दरी रुंद व उथळ, अशा ठिकाणी मातीचे धरण दगडी धरणापेक्षा स्वस्त पडते. वरवर पाहता तो मातीचा एक लांबलचक ढिगारा वाटतो. परंतु त्याच्या आतील रचना विचारपूर्वक केलेली असते. नदीच्या पात्रात व काठांवर प्रथम खंदक खणून तो कठीण खडकापर्यंत नेतात आणि चिकण काळ्या मातीने भरून काढतात, म्हणजे पायातून पाणी झिरपत नाही. त्याच्यावर त्याच मातीचा, थराथराने पाणी शिंपून व रूळ फिरवून दाबलेला गाभा उभारतात. काळी माती पाणी अडविते. पण ओली झाली की ढासळते व वाळली की तडकते. म्हणून गाभ्याच्या दोन्ही बाजूंस मुरमाडी मातीचे जाड कवच असते. पाण्याकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगड रचलेले असतात व मागील उतारावर गवत वाढू देतात. गाभ्यातून जे थोडे पाणी झिरपतेच, ते माती वाहून न नेता बाहेर पडावे म्हणून मागील पायथ्याशी वाळू व खडी यांची गाळणी ठेवलेली असते.

मातीच्या धरणाला सर्वांत मोठा धोका वरून पाणी वाहण्याचा असतो. दगडी धरणावरून पाणी गेले तरी ते टिकू शकते. मातीचे धरण काही तासांत कापले जाते. त्यामुळे धरणाच्या माथ्याहून बऱ्याच खालच्या पातळीवर सांडवा ठेवून पुराचे जादा पाणी नदीच्या खालच्या पात्रात सोडतात. जलाशय भरून सांडवा वाहू लागला, ही वाशीमच्या दृष्टीने त्या वर्षीची मोठी वार्ता असते व ती पाहावयास लोक आवर्जून जातात. कालव्याला पाणी देणारे द्वार धरणाच्या तळाशी नसून काहीसे वर असते. त्याच्या पातळीखालील सु. २ दशलक्ष घमी. पाणी हा मृत साठा होय. तो मूलतः गाळासाठी राखलेला असतो. पण टंचाईच्या वर्षी या पाण्यावरही पंप बसविण्याची वेळ येते, आणि मग ‘मृत’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

उन्हाळ्यात जलाशयाच्या साठ्याला सर्वांत मोठी गळती सूर्य लावतो. विदर्भात मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला सु. १ सेंमी. उतरते. एक चौ. किमी. जलपृष्ठावर याचे दररोज १०,००० घमी. होतात. २०११ च्या जनगणनेनुसार वाशीम शहराची लोकसंख्या ७८ हजारांवर होती. माणशी रोज १०० लि. धरले, तर तेवढ्या शहराला दिवसाला सु. ८,००० घमी. पाणी लागते. म्हणजे उन्हाळ्यात एकेका चौ. किमी. पृष्ठभागावरून उडून जाणारे पाणी शहराच्या रोजच्या गरजेहून अधिक असते. रुंद व उथळ दरीतील जलाशयाचे हे अपरिहार्य वैगुण्य आहे. उन्हाळ्यासाठी पाणी राखून ठेवावयाचे असेल, तर जेवढे हवे त्याहून बरेच अधिक राखावे लागते.

सिंचन : जलाशयातील पाणी कालवा, वितरिका व शेतचाऱ्या यांमधून लाभक्षेत्रात पोहोचते. ते मुख्यतः रब्बी हंगामात दिले जाते. शेतकऱ्याने पाण्यासाठी अर्ज करावयाचा, पाटबंधारे खात्याने उपलब्ध साठा पाहून पाळ्यांची संख्या ठरवावयाची व शेजपाळीने पाणी द्यावयाचे, ही महाराष्ट्रातील रूढ पद्धत आहे. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम (१९७६) हा तिचा कायदेशीर पाया असून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे व्यवस्थापन सोपविण्याचा अधिनियम २००५ मध्ये झाला. व्यवहारात कालव्याच्या मुखाकडील शेताला पाणी लवकर व भरपूर, आणि पुच्छभागाकडील शेताला उशिरा व अपुरे मिळते, ही तक्रार लहानमोठ्या सर्वच कालव्यांवर ऐकू येते. काळ्या मातीतून नेलेले कालवे उन्हाळ्यात तडकतात व पावसाळ्यात त्यांच्या बाजू खचतात. त्यांची दुरुस्ती वेळेवर न झाल्यास शेतापर्यंत पोहोचणारे पाणी निम्म्यावर येते. हे वाया गेलेले पाणी सर्वस्वी वाया जात नाही, कारण त्यातील काही भाग खालच्या विहिरींत उतरतो. पुष्कळ शेतकऱ्यांना कालव्यापेक्षा कालव्यामुळे भरलेल्या विहिरीचाच भरवसा अधिक वाटतो. विहिरीच्या पाण्याची वेळ शेतकरी स्वतः ठरवितो.

पिकांच्या रचनेत झालेला बदल येथे ध्यानात घेतला पाहिजे. धरण बांधले गेले तेव्हा या भागात ज्वारी, कापूस व तूर ही मुख्य पिके होती. कापूस व तूर शेतात माघापर्यंत उभी राहत, म्हणून त्या शेतात रब्बीचे दुसरे पीक घेण्याचा प्रश्न नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनने ही जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते व दसऱ्याच्या आसपास शेत मोकळे होते. त्या मोकळ्या शेतात हरभरा किंवा गहू घेता येतो. हरभऱ्याला दोन-तीन पाणी पुरतात, तर गव्हाला पाच-सहा लागतात. अशा रीतीने ज्या पाण्याला पूर्वी मर्यादित मागणी होती, त्याला आता जवळजवळ प्रत्येक शेतातून मागणी येऊ लागली. जलाशय मात्र तेवढाच राहिला.

पिण्याचे पाणी : १९९८ मध्ये अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाल्याने कार्यालये, शाळा-महाविद्यालये, रुग्णालये व त्यांच्या अनुषंगाने वस्ती वाढली. नगरपरिषदेची पाणीपुरवठा योजना एकबुर्जीवर अवलंबून आहे. जिल्ह्यातील अन्य शहरांचीही स्थिती अशीच आहे. कारंजा अडाणवर, मंगरूळपीर मोतसावंगा तलावावर, तर रिसोड अडोळ प्रकल्पावर विसंबून आहे. मोठी नदी नसल्यामुळे प्रत्येक गावाने आपापल्या जवळचा एकेक जलाशय धरला आहे, आणि एका जलाशयात पाणी कमी पडले तर दुसऱ्याचे आणण्याची सोय सहसा नाही.

पाण्याच्या वाटपात पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग व मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेतीला दुसरे स्थान देण्यात आले. पहिल्या क्रमांकाविषयी कधीच वाद नव्हता. पावसाळा संपल्यावर, साधारणतः १५ ऑक्टोबरचा साठा आधारभूत धरून, पुढील पावसाळ्यापर्यंत लागणारे पिण्याचे पाणी आधी आरक्षित करतात व उरलेल्या पाण्यातून सिंचनाच्या पाळ्या ठरवितात. जलाशय पूर्ण भरला असेल तर हा हिशेब सोपा असतो. वरील प्रमाणाने शहराला वर्षाला सु. ३ दशलक्ष घमी. पाणी लागते, म्हणजे उपयुक्त साठ्याचा चौथा हिस्सा. बाष्पीभवन धरूनही शेतीला पुष्कळ उरते. जलाशय तिसरा हिस्साच भरला, तर मात्र शहराची गरज व उन्हाळ्यातील घट भागवून कालव्यात सोडण्यास काहीही राहत नाही. अवर्षणाचा भार अशा रीतीने सर्वांवर सारखा पडत नाही. साठा निम्म्याने घटला तर शेतीचे पाणी निम्म्याहून पुष्कळ अधिक घटते, कारण आधीचा वाटा ठरलेला असतो.

या वाट्याची शेतीच्या भाषेतील किंमतही काढता येते. गव्हाच्या एका हेक्टराला पाच पाळ्यांत मिळून सु. ४,००० घमी. पाणी लागते व कालव्यात तेवढेच मुरते असे मानले, तर १ दशलक्ष घमी. पाण्यात सव्वाशे हेक्टर गहू निघतो. शहराचे वर्षाचे ३ दशलक्ष घमी. म्हणजे सुमारे पावणेचारशे हेक्टरांचे पीक होय. कालव्याची गळती निम्मी कमी झाली, तर तेवढ्याच पाण्यात पाचशे हेक्टर भिजतील. तंट्याचे मूळ शहर व शेत यांच्या परस्परविरोधात आहे असे समजले जाते. त्याचा एक मोठा भाग कालव्याच्या तडकलेल्या बाजूंत आहे, हे या साध्या गणितावरून दिसून येते. शहरातील जुन्या जलवाहिन्यांच्या गळतीलाही हेच लागू पडते.

टंचाईच्या वर्षी जलाशयाच्या काठी या ताणाचे दृश्य रूप दिसते. बुडीत क्षेत्राच्या कडेने बसविलेल्या खाजगी पंपांना उपशाची परवानगी असते. आरक्षण जाहीर झाल्यावर ती थांबविली जाते व वीजजोडण्या तोडण्यात येतात. रब्बीची पेरणी झालेली असताना असे घडले, तर त्या शेतकऱ्याचे बी, खत व मेहनत वाया जाते. दुसऱ्या बाजूस शहरातील नळांना काही दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागते व साठवणीची सोय नसलेल्या घरांचे हाल होतात. ज्यांच्या जमिनीवर जलाशय उभा आहे ते विस्थापित, ज्यांच्यासाठी तो बांधला ते लाभधारक आणि ज्यांना तो आज प्रत्यक्ष पोसतो ते नागरिक, असे तीन वेगवेगळे समाज अशा वेळी एकाच पाण्याकडे पाहत असतात. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजला, आणि पुढे अमरावती विभागातील अकोला, वाशीम, बुलढाणा व अमरावती या जिल्ह्यांचा अनुशेष दीर्घकाळ चर्चेत राहिला. तो मोजताना निर्माण झालेली सिंचनक्षमता विचारात घेतली जाते. शहराकडे वळलेले पाणी वजा केल्यावर प्रत्यक्ष किती जमीन भिजते, हा प्रश्न निराळाच राहतो.

इतर उपयोग : जलाशयात मत्स्यसंवर्धन होते. राज्यातील गोड्या पाण्याच्या इतर जलाशयांप्रमाणे कटला, रोहू व मृगळ या जातींचे बोटुकले सोडून मासे वाढविले जातात. मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत असून परंपरेने हा व्यवसाय करणाऱ्या भोई समाजास तिचा लाभ व्हावा असा तिच्यामागील हेतू आहे. जलाशय फारच आटल्यास माशांची वाढ खुंटते व त्या वर्षीचे उत्पन्न बुडते. सिंचनाच्या पाळ्या ठरविताना या नुकसानीचा विचार क्वचितच होतो.

हिवाळ्यापासून पाणी मागे सरू लागले की जलाशयाच्या कडेची गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यावर घेतलेल्या पिकास गाळपेर म्हणतात. ही जमीन ओल धरून असते व तिला खत लागत नाही. त्यामुळे थोडक्या श्रमात हरभरा, भाजीपाला वा चारा निघतो. जमीन शासनाची असल्याने ती दर वर्षी भाडेपट्ट्याने देतात व जमीन गमावलेल्या कुटुंबांना त्यात प्राधान्य असते. २०१८–१९ च्या टंचाईत राज्य शासनाने अशा जमिनी चारापिकांसाठी नाममात्र दराने देऊ केल्या होत्या. उथळ पाणी व उघडा पडलेला चिखल हिवाळी पाणपक्ष्यांनाही मानवतो. बदके, चिखले, करकोचे इत्यादी पक्षी या दिवसांत जिल्ह्यातील जलाशयांवर उतरतात.

गाळ : साठ वर्षांत जलाशयात येऊन बसलेला गाळ हा त्याच्या भवितव्याचा प्रश्न आहे. पाणलोट क्षेत्रातील जमीन नांगरटीखालची असून उतारावरची माती पहिल्याच जोरदार पावसात वाहून येते. सोयाबीनची पेरणी जूनमध्ये होते व त्या वेळी शेते उघडी असतात, हेही त्यास कारण आहे. सर्व गाळ मृत साठ्यातच बसतो असे आराखड्यात गृहीत धरलेले असले, तरी प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग जलाशयाच्या शेपटाकडे, पाण्याचा वेग मंदावतो तेथेच साचतो व उपयुक्त साठा कमी करतो. गाळ काढून तो शेतात पसरविण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. मुरमाड जमिनीवर गाळाचा थर दिला असता तिची ओल धरण्याची शक्ती वाढते, म्हणून शेतकरी स्वखर्चाने तो वाहून नेण्यास तयार असतात. परंतु हे काम जलाशय आटल्यावर, एप्रिल ते जून या अल्प मुदतीतच करता येते. आणि जलाशय पुरेसा आटतो तो नेमका शहराला पाण्याची सर्वाधिक चणचण असलेल्या वर्षी. पाणलोटातील बांधबंदिस्ती हा यावरचा अधिक टिकाऊ उपाय होय. मात्र वरच्या शिवारात अडविलेले पाणी तेथेच मुरते व कमी पावसाच्या वर्षी जलाशयात त्या मानाने कमी उतरते. वरच्या गावांतील विहिरी आणि शहराचा जलाशय यांत पाणी कोठे ठेवावयाचे, असा एक नवाच प्रश्न त्यामुळे निर्माण झाला आहे. माती वर थांबल्याने जलाशयाचे आयुष्य वाढते, ही बाजूही त्याबरोबर मोजावी लागते.